कडेवरचा आर

४ मार्च
आजपासून आरशाच्या कडेवर काही लिहायचं नाही! साउल्युसचा हुकूम. मालक झाला म्हणून काय — "उस्ताद, ड्रोन पाडणाऱ्या लेसरचा आरसा आहे हा, तुमचं चित्र नव्हे. सही कशाला?" सगळे फिदीफिदी हसले. अख्ख्या युरोपला ढाल हवी, ती घासायची विल्नियसच्या आमच्या शेडमध्ये, आणि घासणाऱ्यानं निनावी राहायचं! इतकी वर्षं प्रत्येक आरसा पुरा झाला की कडेवर पेन्सिलीनं आर काढतोय. रिमविदास या माझ्या नावातला रोमन आर, ताठ पायाचा. ना कॉलेज, ना पदवी — तेवढं एक अक्षर होतं.

५ मार्च
इंद्रे जेवायला आली. थंड बिटाचं सार केलं होतं. आरशांवर लेप चढवायचं खातं तिचं, म्हणून तिलाच विचारलं. म्हणाली, "बाबा, कडेपर्यंत प्रकाश जातोच कुठे? उगीच मालकी मिरवतोय साउल्युस." मग — "पण लहान मुलासारखा रुसतोस काय!"
रुसलो नाही. सार अर्धं टाकलं.

११ मार्च
मोठा आरसा लेपाला दिला. बेवारशासारखा.

१९ मार्च
चाचणीत तोच आरसा तडकला! तोही जर्मन गिऱ्हाइकांसमोर. साउल्युस लालबुंद — "ज्याची चूक, तो घरी!" मी ठणकावलं, घासण्यात खोट नाही, लेपात असणार. इंद्रे समोरच होती. "बाबा, लेप मी स्वतः तपासलाय." "मग तपासायला शीक!"
बोललो ते बोललो. पोटची पोर असली म्हणून काचेला खोटं पाडू?

२० मार्च
तिचा फोन नाही. मीही केला नाही.

२४ मार्च
साउल्युसनं तुकडे टेबलावर मांडले. तडा कडेपासून निघालाय. तिथं जळका डाग. आधीच्या आरशांना चालून गेलं, पण हा लेसर जबर, त्याचा चुकार प्रकाश कडेलाही पोचतो म्हणे. पेन्सिलीची रेघ तापली, काच फुटली. म्हणून बंदी होती! मग तसं सांगायचं की, मेल्या — "सही कशाला" काय!
"उस्ताद, बजावूनसुद्धा?"
मी काढलाच नव्हता. भिंग घेतलं. आरच. पण पाय ताठ नाही — टोकाला शेपटी वळलेली. शाळेच्या वह्यांवर किती ओरडलो असेन, इंद्रे, पाय सरळ काढ, सरळ!
ती दारात उभी. ओठ पांढरे.

२५ मार्च
सांगून आलो — आर माझाच. उद्यापासून घरी.