जासईची चढण

उरण, ६ जानेवारी १९५८

ती. चांगदेवदादास, धाकट्या दादूचा सा. न. वि. वि.

इकडे सारे खुशाल, असं रीत म्हणून लिहितो. तुझ्या भावजयीला, गोजराला, क्षय झाला आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी पनवेलच्या दवाखान्यात सुई घ्यायची. बसमध्ये तिचा खोकला ऐकून शेजारची माणसं उठून गेली. तेव्हापासून ती बसमध्ये पाय ठेवत नाही. म्हणून लढाईतली एक जुनी मोटरसायकल घेतली. मी एकटा असलो की पळते. गोजरा मागे बसली की जासईच्या चढणीवर गाडीचा जोर जातो आणि तिला उतरून चालावं लागतं. तू गिरणीतला फिटर, काय करू ते कळव. वहिनीला नमस्कार. माया आहे तशीच ठेव.

तुझा दादू

परळ, ११ जानेवारी

चि. दादूस अनेक आशीर्वाद.

पत्र ऐकून तुझी वहिनी जेवली नाही. चढणीवर इंजिन ओरडतं की त्याचा आवाजच बसतो, हे तू लिहिलं नाहीस. लहानपणीही अर्धंच सांगायचास. माझ्या मते वाल्व्ह गळत असणार. इंजिनाचं हेड उतरवून लाँचने पाठव, घासून देतो. तोवर गोजराला बैलगाडीने ने. तिला जप, स्वतःलाही.

तुझा चांगदेव

उरण, २ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

हेड बसवलं. गाडी तशीच. आवाजच बसतो, कोणी नरडं धरल्यासारखा. पेट्रोलचा नळ, कार्बोरेटर, सगळं धुऊन पाहिलं. या खटपटीत गोजराच्या तीन सुया चुकल्या. बैलगाडी पोचली तेव्हा दवाखाना बंद झाला होता. परवाच्या मंगळवारी ती चढणीच्या मध्यावर दगडावर बसली, रक्त थुंकली आणि म्हणाली, "मी उतरले का गारी पलते. मंग खोट गारीन नाय, माज्यान हाय." दादा, रजा काढून ये.

दादू

उरण, २१ फेब्रुवारी

ती. दादास सा. न.

तू येऊन सायलेन्सर कापलास, आतली काजळी काढलीस, आणि गाडी सुधारली. मंगळवारी आम्हा दोघांना घेऊन एका दमात चढण चढली. गोजरा मागे हसत होती. दवाखान्यात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता सुईचा उपयोग नाही, हिला पुन्हा आणू नका, घरी सुखात ठेवा, म्हणाले. मी तिला सांगितलं नाही.

आज शुक्रवार. सकाळीच ती धुवट लुगडं नेसून दारात उभी राहिली. मी आधीच प्लग काढून खिशात टाकला होता. किका मारत राहिलो आणि गाडी चालू होत नाही म्हणालो. ती म्हणाली, "जाव दे. दादांना पत्र लिवा."

आता ती समोर बसून मी लिहितो ते बघते आहे. तिला वाचता येत नाही. तुझं उत्तर मात्र मला मोठ्याने वाचावं लागेल. त्यात गाडीचाच काही बिघाड लिही. एवढी माया कर.

दादू

परळ, २६ फेब्रुवारी

चि. दादूस व सौ. गोजरास आशीर्वाद.

ठिणगी देणारा मॅग्नेटो जळला असणार. तसला भाग आता सहज मिळत नाही, शोधायला महिना तरी लागेल. इथल्या डॉक्टरांना विचारलं. सुयांमध्ये खंड पडला तरी चालतो म्हणाले. गोजरा, घाबरू नकोस, सकाळच्या उन्हात बसत जा. तुमची काशीवहिनी आणि मी रविवारच्या लाँचने येतो आहोत. भाग सापडला नाही तरी येतो. आठवण ठेवा.

तुमचा चांगदेव