पाचव्या फेरीतला ब्रेक

अंबरपेठ, हैदराबाद
११ जानेवारी २०२५

शिवानीस,
सप्रेम जयभीम. 'सप्रेम' हात सवयीने लिहून गेला. खोडत नाही, एवढंच.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. पोस्टातल्या बाईने पत्ता दोनदा वाचला आणि म्हणाली, दिलसुखनगर तर हे इथंच, स्वतः जाऊन देऊन या की. तिला काय सांगू, की हा पत्ता माझ्या सख्ख्या बहिणीचा आहे आणि तिच्या दारात मी पाय ठेवणार नाही?

तुझ्या मासिकातला लेख वाचला. मी विकतो त्या अमेरिकन गाडीने किंमत वाढवली म्हणून ती युरोपियन दोन-दारी कूपेच्या पंगतीला बसत नाही, असं लिहिलंयस. पण तू चालवलीस ती साधी गाडी! निकाल दिलास महागड्या मॉडेलवर. तिचं सस्पेन्शन वेगळं, टायर वेगळे, ब्रेक वेगळे. त्या गाडीत तू बसलीसुद्धा नाहीस. माझं गिऱ्हाईक डॉक्टर विजय रेड्डींनी बुकिंग रद्द केलं. मासिक माझ्या टेबलावर ठेवून विचारलं, की भाऊ घे म्हणतो, बहीण घेऊ नको म्हणते, आता मी कोणाचं ऐकू? नामपल्लीच्या वर्कशॉपमधली सगळी पोरं बघत होती.

हे गाडीबद्दल नाहीच. लहानपणापासून माझी कुठलीही गोष्ट तुला खपत नाही. हिंमत असेल तर शहराबाहेरच्या रेसट्रॅकवर ये. माझी महागडी अमेरिकन आणि तुझी लाडकी जर्मन, दोन्ही तूच चालव. नंतर लिही काय लिहायचं ते.

लोभ असो-नसो,
आदर्श

*

दिलसुखनगर
१६ जानेवारी २०२५

ती. दादास सविनय जयभीम. वि. वि.

तुझं अक्षर अजून तसंच आहे, प्रत्येक ओळ उजवीकडे घसरणारी. रागात तर ती गटारातच जाते.

मी ते मॉडेल चालवलं नव्हतं, हे खरं. पण त्याचं वजन मला ठाऊक आहे, नाकावर ठेवलेलं आठ सिलिंडरचं धूड ठाऊक आहे. जर्मन गाडीइतके पैसे मोजणारा माणूस सरळ रस्त्यावरच्या गर्जनेवर खूश होत नाही. त्याला वळणावर गाडीने ऐकायला हवं असतं. तुझी गाडी ऐकत नाही, ती नुसती बोलते. या बाबतीत मालकावर गेली आहे.

लहानपणाचं तूच काढलंस म्हणून सांगते. अप्पांनी दर रविवारी त्यांच्या एसटी डेपोमागच्या मैदानात तुला स्टिअरिंग दिलं आणि मला चुना मारलेल्या दगडांवर बसवून दोघांचे डबे सांभाळायला लावले. बघूनच शिकले मी. आता पोट त्याच्यावर भरते, हे तुला खुपतं.

येते. अट एकच: गिऱ्हाइकाला देतोस तशीच गाडी आण, वेगळं काही न करता. वेळ माझी सहकारी ईशा मोजेल. तिला तू ओळखत नाहीस, त्यामुळे ती अजून तुझ्यावर चिडलेली नाही.

आईला यातलं काही कळवू नकोस, इतकी मेहरबानी कर.
तुझी (कागदोपत्री) बहीण,
शिवानी

*

अंबरपेठ
४ फेब्रुवारी २०२५

शिवानीस,
जयभीम.

खांदा कसा आहे ते ईशाकडून कळलं. हाड सांधेल म्हणाली. बरं झालं. आता बाकीचं ऐक.

चार फेऱ्या माझी गाडी तुझ्या जर्मनपेक्षा पुढे होती. ईशाच्या वहीत आकडे आहेत. दुसऱ्या फेरीत तर एका सेकंदाहून जास्त. तू हेल्मेटची काच वर करून खिडकीतून मान बाहेर काढलीस, तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. हरलेल्या माणसाचा चेहरा होता तो. आणि मग पाचव्या फेरीत लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी, जिथे पोरंसोरंही ब्रेक मारतील, तिथे तू मारला नाहीस. टायरांच्या भिंतीत घातलीस माझी गाडी.

मी अँब्युलन्समागून धावलो, हे तुला कोणी सांगितलं असेल तर विसरून जा. वर्कशॉपला परतल्यावर डोकं थंड झालं आणि मला सगळं उमगलं. तुला हरायचं नव्हतं. हरण्यापेक्षा गाडी मोडणं सोपं वाटलं तुला.

यापुढे पत्रही नको.
आदर्श

*

दिलसुखनगर
९ फेब्रुवारी २०२५

ती. दादास जयभीम. वि. वि.

उत्तर नको म्हणालास तरी लिहिते आहे. डावा खांदा पट्ट्यात आहे, उजवा हात चालतो.

मी ब्रेक मारला होता. पाय थेट तळाला टेकला आणि गाडी थांबली नाही. त्या दोन सेकंदांत मला फक्त एवढंच कळलं, की पुढे भिंत आहे आणि माझ्या हातात काही उरलेलं नाही. अजून झोपेत उजवा पाय दाबला जातो.

इस्पितळातून मी ईशाला तुझ्या वर्कशॉपला पाठवलं. तुझा मेकॅनिक रितेश आधी बॉनेटखालून डोकंच काढेना. मग त्याने सांगितलं. कंपनीचे ब्रेक पॅड थंड असताना किंचाळतात, चाकांवर काळी पूड सोडतात, म्हणून गिऱ्हाइकं कटकट करत होती. तू सगळ्या गाड्यांना साधे, आवाज न करणारे शहरी पॅड लावलेस. तापल्यावर ते पकडणार नाहीत, हे रितेशने बोलून दाखवलं होतं. तू त्याला म्हणालास, की काइकू टेन्शन लेता, इथे कोण रेस मारणार आहे. गिऱ्हाइकांना सांगितलंस का? एकालाही नाही.

म्हणजे तुझी गाडी जर्मनला हरवू शकते, दादा. मी चुकले होते, आणि तसं छापणार आहे. न चालवता लिहिलं, हेही छापणार आहे. तुझ्या गाडीला तूच हरवलंस, तेही छापणार आहे.

लेखाचा मजकूर सोबत जोडला आहे. त्यात तुझं नाव नाही, 'शहरातील एक विक्रेता' एवढंच लिहिलंय. तेही आईसाठी, तुझ्यासाठी नव्हे. गाड्या परत बोलावून घे. पंधरा दिवस थांबते.
शिवानी

*

नांदेड
१५ फेब्रुवारी २०२५

चि. आदर्श यास उत्तमरावाचा जयभीम आणि आशीर्वाद.

तू फोनवर म्हणालास, की शिवानीला समजवा, लेख थांबवा, धंदा बसेल. मी समजावणार नाही. फोनवर माझा आवाज चढला, म्हणून आता शांतपणे लिहितो.

तुम्ही दोघं शाळेत असताना मी एकदा महिनाभर घरी होतो. मी सुट्टी काढली आहे असं तुम्हाला सांगितलं होतं. ती सुट्टी नव्हती. सकाळच्या फेरीच्या बसचा ब्रेक मला नरम लागला, मी गाडी डेपोबाहेर काढली नाही. मोठ्या साहेबाने चार लोकांसमोर मला भित्रा म्हटलं आणि घरी बसवलं. तुझी आई मनकर्णा त्या महिन्यात दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटायला गेली. मला लाज वाटत होती म्हणून तुम्हाला कळू दिलं नाही. आता वाटतं, सांगायला हवं होतं.

शिवानीलाही मी झापलं आहे. गाडीत न बसता गाडीला नावं ठेवणं ही लबाडीच. पण तिने आपली लबाडी स्वतः लिहून काढली. तुझी अजून लोकांच्या चाकांना लावलेली आहे.

तू आता मोठा आहेस. काय करायचं ते तुझं तू ठरव.
तुझा अप्पा

*

अंबरपेठ
२३ फेब्रुवारी २०२५

शिवानीस,
जयभीम.

नऊ गाड्या होत्या. नऊही मालकांना मी स्वतः फोन केले, रितेशला करू दिले नाहीत. एकाने आईवरून शिव्या दिल्या. एक हसला, त्याला वाटलं मी नवीन काहीतरी विकतोय. तेजश्री मॅडम म्हणून एक आहेत, दोन मुलांना मागे बसवून रोज रिंगरोडने शाळेत सोडतात.  मी हॅलो हॅलो करत राहिलो, त्या फोन धरून नुसत्या श्वास घेत होत्या. शिव्या खूप बऱ्या होत्या, शिवानी.

सात गाड्यांचे पॅड बदलून झाले. उरलेल्या दोन गाड्यांचे पॅड मंगळवारी येतील, तोवर त्यांच्या चाव्या माझ्याकडे आहेत. दोघांनी वकिलाची नोटीस पाठवली आहे. डॉक्टर रेड्डींनी जर्मन घेतली.

तू मुद्दाम ब्रेक मारला नाहीस असं मी लिहिलं, ते परत घेतो. तुझा पहिला लेख मात्र मी माफ केलेला नाही आणि करणार नाही. तू न बसता लिहिलंस, मी न सांगता लावलं. पण तुझ्या चुकीने कोणी भिंतीवर आदळत नाही म्हणून तू मोठी होतेस, आणि ते मला सहन होत नाही. हे असंच आहे. घरी येऊ नकोस, मीही येणार नाही.

लेख वाचला. एक दुरुस्ती कर. 'शहरातील एक विक्रेता' काढ. या शहरात आणखी चार जण अशा गाड्या विकतात, उद्यापासून लोक त्यांच्याकडेही तशाच नजरेने बघतील. आईला मी काल फोन करून सगळं सांगितलंय. तेव्हा तिचं कारण उरलं नाही, आणि तुझे उपकार मला नकोत.

तिथे लिही: आदर्श उत्तमराव कांबळे, नामपल्ली.