दारातला पिवळा कांचन

प्रिय काजल,

दसऱ्याच्या संध्याकाळी तू माझ्या हातावर पान ठेवून म्हणालीस, "भाऊजी, सोनं घ्या." तिथंच माझं सगळं फिरलं. बाजूला रविंद्रदादा हसून राहिला होता. त्याआधी कुहीच्या मामांनी त्याच्यासाठी तुझं स्थळ आणलं होतं, तेव्हा मी तुझ्या नकाराची वाट पाहत होतो. तू होकार दिलास, तेही मला आईकडून कळलं.

आणि पान कोणतं दिलंस? आपट्याचं नाही, कांचनाचं. बाजारात आपटा म्हणून कांचन खपवतात आणि लोक खुशाल घेतात, यावर वनस्पतीशास्त्राच्या वर्गात आपण दोघंच हसायचो. तुला ओळखू आलं नाही, हे मी मानणार नाही. कॉलेजच्या बागेतलं पिवळ्या कांचनाचं झुडूप आठवतं? मॅडमनी नाव सांगितलं होतं, बॉहिनिया टोमेंटोसा. बॉहिन आडनावाचे दोन भाऊ, दोघंही झाडापानांचे अभ्यासक. पान एकच, पण मधून दुभंगलेलं, म्हणून त्याला त्या दोघांचं नाव. आणि टोमेंटोसा म्हणजे लव असलेलं. पानामागची ती लव बोटानं चाचपत तू माझ्या कानाशी म्हणालीस, "तुह्या घरी बी दोघंच भाऊ ना गा? मले एकच पुरे." तो एक कोण, हे मी विचारलं नाही. येडाच होतो.

दसऱ्यानंतर कॉलेजात तू पुढच्याच बाकावर. तुझी वेणी बघत बसणं जमेना, शेवटचं वर्ष अर्ध्यावर सोडलं. काहून सोडलं, म्हणून आई अजून विचारते. मी म्हणतो, डोकं चालत नाही.

डोकं चालतं, काजल. कॉलेज सोडताना त्याच झुडपाच्या शेंगा मी खिशात घालून आणल्या. तुमच्यासाठी बांधलेल्या नव्या खोलीच्या दारात बिया लावल्या. तुला कांचन फार आवडतो, असं दादाला मीच सांगितलं. उमरेडच्या खाणीतून थकून येतो बिचारा, पण आधी रोपाला पाणी घालतो, मग चहा पितो. रोप आता गुडघ्याला लागतं.

उद्या तू माप ओलांडून येशील. रोज सकाळी दार उघडशील, तर समोर ते दुभंगलेलं पान. उपटलंस तर दादा विचारेल, काहून उपटलं. मग सांग त्याला, माझ्यादेखत मोठ्यानं. सांगता येत नसेल तर जन्मभर पाणी घाल. एवढंच कळवायला हे लिहिलं. मला दादाला दुखवायचं नाही, तुलाच दुखवायचं आहे. तुझं सामान आजच या नव्या खोलीत येऊन पडलंय, म्हणून हे त्यातल्या बांगड्यांच्या डब्यात ठेवतो, तिथं तो हात घालणार नाही. रोपाला आजचं पाणी मीच घातलंय. निघतो, दार बाहेरून ओढून घेतो.

तुझाच भाऊजी,
साहिल