एकतीस दिवस बाकी

ता. १७ मे (मोबाइलमध्ये पाहिली, शिवाय शेजाऱ्यांना विचारली)

तीर्थरूप दादांस,

साष्टांग नमस्कार, आणि या वेळी खरोखर पाय धरून. तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला थांबला का? तुमची बहीण तुमच्याकडे खुशाल आहे, हे ती माझा फोन ज्या तडफेने कापते त्यावरून कळतंच.

तिने काय काय सांगितलंय देव जाणे, पण माझंही ऐका. लग्नाचा वाढदिवस मी विसरतो (नऊपैकी नऊ), म्हणून यंदा दहाव्याला चक्क स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा कॉम्प्युटर प्रोग्राम, लिहिली. बारा मेमधून आजची तारीख वजा करायची आणि उरलेले दिवस रोज सकाळी मोबाइलवर दाखवायचे. अख्ख्या कारखान्यातल्या कामगारांच्या येण्याजाण्याच्या वेळांची कॉम्प्युटरवर वजाबाकी करणारा मी, मला हे काय अवघड! इतका फुशारलो की स्वयंपाकघरातलं कॅलेंडर, ज्यावर तिने त्या तारखेभोवती पेनने गोल काढला होता, तेसुद्धा उतरवून ठेवलं. वर तिला बजावलं, यंदा आठवण करून द्यायची नाही. तिने नाही दिली हो!

बाराला ती ठेवणीतली साडी नेसून समोर बसली. मी चहा पीत पेपर वाचला. संध्याकाळी तिने एवढंच विचारलं, आज काय आहे? मी मोबाइल पुढे केला आणि (जीभ झडो माझी) ऐटीत म्हणालो, "एकतीस दिवस बाकी!" दुसऱ्या दिवशी ती बॅग घेऊन तुमच्याकडे.

ऑफिसात प्रोग्राम तपासणाऱ्या टेस्टर बाईंनी दोन मिनिटांत चूक काढली. स्क्रिप्टच्या या भाषेत महिने शून्यापासून मोजतात. जानेवारी शून्य! मी मेसाठी पाच लिहिलं, मशीनने जून धरला. तारखा मात्र एकपासूनच, असं का ते विचारू नका. कारखान्यात नुसते तास-मिनिटं असतात, महिन्यांशी माझी कधी गाठच पडली नव्हती. दादा, घर खायला उठतंय. कॅलेंडर परत टांगलंय, पण खिळा वाकलाय आणि ते तिरकं दिसतं.

तुमचा (अजून आहे ना?)
मेहुणा

ता. क. हे पत्र खरं तिलाच आहे. टेबलावर उघडं विसरल्यासारखं करा.

ता. क. २. ती जाऊन किती दिवस झाले, तेही ती गेली त्याच दिवशी स्क्रिप्टमध्ये घातलं होतं. तेरा तारीख, महिना पाच. आज उत्तर आलं वजा सत्तावीस. म्हणजे मशीनच्या मते ती अजून गेलेलीच नाही. वाढदिवसाची चूक मी दुरुस्त केली. ही तेवढी राहू दिलीय.