म्यानाच्या आत

धाकट्या,

जिच्या गंजापायी आपलं फाटलं, तीच जुनी तलवार पुन्हा दुरुस्तीला आली आहे. तेव्हा मालकासमोर मी तुझ्याकडे बोट दाखवलं होतं, "म्यान यानं केलंय. लाकूड ओलं वापरलं असणार." तू म्यान मुकाट्यानं पुन्हा सांधून दिलंस आणि घर सोडलंस.

आज त्या म्यानाचं कातडं उसवून फळ्या उकलल्या. आत पेन्सिलीनं लिहिलेलं तुझं अक्षर दिसलं, "दादा, लाकूड कोरडंच होतं. पातं पुसायला तू विसरलास."

खरं आहे रे. मला तेव्हाही ठाऊक होतं.

हे पत्र टाकायला हात धजत नाही. तू न वाचताच फाडलंस तर? म्हणून तुझ्या ओळीखाली "होय, मीच विसरलो" एवढं लिहिलं आणि सरस लावून फळ्या बंद केल्या.

तुझाच,
दादा