उद्याचा जपानीचा पेपर

भूषणदादा,

शिफ्टमध्ये तुझा फोन बंद असतो, म्हणून घरी चिठ्ठी ठेवतेय; आलास की आधी हे वाच. आई म्हणाली, "पेठ वडगावला मावशीकडं गेलोय असं लिव. त्येचा उद्या पेपर हाय." तशी चिठ्ठी लिहिली आणि फाडून टाकली.

आई दुपारी न्हाणीत घसरली. खुब्याचं हाड मोडलंय. आम्ही स्टँडमागच्या दवाखान्यात आहोत. उद्या सकाळी नऊला ऑपरेशन. तिच्या हृदयाला भूल सोसेल का, हे डॉक्टरांनाही सांगता येईना.

पुण्यातली ही परीक्षा कंपनी वर्षातून एकदाच घेते आणि पास झालास तरच तुला जपानला पाठवणार, हे मला कळतं. आज रात्री पुण्याची गाडी धर म्हणू की इकडं ये म्हणू? तूच ठरव. ऑपरेशनच्या फॉर्मवर सही मी केलीय.

तू रोज स्वयंपाकघरात जपानी क्रियापदांची रूपं घोकतोस, ती आईला ऐकून पाठ झालीत. स्ट्रेचरवर कण्हतच मला म्हणाली, "पिण्याला नोमु. त्येचं नोन्दे हुतंय. त्यो दर येळी नोमुते म्हंतोय. तेवढं सांग त्येला."

म्हणून सांगितलं.

मनाली