भरलेल्या बॅगा

१५ सप्टेंबर, रविवार
परंड्यातल्या आमच्या मंडळाचं नवरात्रातलं नाटक यंदा मीच लिहिणार, मीच बसवणार, बापाचं कामही मीच करणार. नाव ‘घर सुटंना’. बायको, लेक आणि म्हातारी आई कर्त्या माणसाला सोडून जातात. तिसऱ्या अंकात रडत परत येतात. पात्रं घरातलीच : शिवलीला (आमची ही), अर्पिता (लेक) आणि आई. आधी तिघी नको म्हणाल्या. मग हो म्हणाल्या. माझा शब्द घरात खाली पडत नाही.
संकल्प : तालमीत चिडायचं नाही.

१९ सप्टेंबर, गुरुवार
चिडलो. पण कारण होतं. ‘या घरात जीव गुदमरतो’ हे वाक्य शिवलीला धडा वाचल्यागत म्हणत होती. ओरडलो, तेव्हा सरळ डोळ्यांत बघून म्हणाली. लई नॅचरल! दिग्दर्शक चांगला पाहिजे.
अर्पिताचं सोलापूरला नर्सिंगला नाव लागलंय. प्रवेशाची शेवटची तारीख ७ ऑक्टोबर, प्रयोग ६ ला. प्रश्न आपोआप मिटला. पोरीला बाहेर पाठवायचं नाही म्हणजे नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार
रिकामी बॅग उचलताना हात हलका दिसतो. म्हणून खरे कपडे भरायला लावले. आईनं बीपीच्या गोळ्या अन् देवघरातला बाळकृष्णसुद्धा घेतला. नाटकातली लेक सर्टिफिकिटं घेऊन निघते, म्हणून अर्पिताची फाइल कपाटातून काढून दिली. कुलूप माझंच. प्रयोग झाला की परत आत.

२९ सप्टेंबर, रविवार
घरात कुणी बोलत नाही. मी आत गेलो की तिघी गप्प. भूमिकेत शिरल्यात. जेवताना आई माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, “पोटभर जेव, बाबा.” हे वाक्य नाटकात नाही. घालून टाकतो.
तिसऱ्या अंकाची तालीम म्हटलं की कुणाचं ना कुणाचं डोकं दुखतं. असू दे. परत यायला काय तालीम लागते?

२ ऑक्टोबर, बुधवार
स्पीकरवरचा गाडीचा आवाज खोटा वाटतो. जीपवाल्या चाँदपाशाला सांगितलं, जीप स्टेजमागं लाव, या बसल्या की स्टार्ट कर. त्यानं विचारलं, जरा लांब नेऊ का? म्हटलं, ने की, आवाज हळूहळू विरला पाहिजे. शिवलीला हसली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा.
 

६ ऑक्टोबर, रविवार, दुपार
नटराजाची पूजा झाली. शिवलीला आणि अर्पिता पाया पडल्या. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला तो काढीचना. शेवटी मीच बाजूला केला. मेकअपला उशीर होत होता.
आज गाव बघेल, माझं घर कसं एका मुठीत आहे.

७ ऑक्टोबर, सोमवार
दुसऱ्या अंकाला टाळ्याच टाळ्या. जीपचा आवाज अगदी मनासारखा विरला.
तिसऱ्या अंकाचा पडदा उघडला. मी खुर्चीत, दाराकडं बघत. कुणी आलं नाही. ‘आलात का गं?’ हे माझं वाक्य, ते पुन्हा पुन्हा म्हणालो. मग वाक्य संपलं. नुसता बसलो. शेवटी कुणीतरी पडदा पाडला.
चाँदपाशा सकाळी आला. तिघींना कुर्डुवाडीला सोलापूरच्या गाडीत बसवून दिलं म्हणाला. अर्पिताचा निरोप होता, “आप्पांना सांगा, आमचं काम दुसऱ्या अंकापर्यंतच होतं.” प्रवेश आज होऊनही गेला असेल.
संध्याकाळी मंडळाचे बंडप्पा आले. शेवट बदलला ते लई ब्येस केलं म्हणाले. तुमी दाराकडं बघत बसला तवा बायामाणसं रडाय लागली. दिवाळीत पुन्हा करा.
म्हटलं, माणसं कुठनं आणू?
“त्या शिनला तुमच्याबिगर कोण लागतंय, आप्पा?”
बरं म्हणालो.